गुरुवारपर्यंत

दर गुरुवारी साडेपाचला
नेलिदा कार्कामो बिस्किटांच्या डब्यात टेप ठेवायची,
डब्याला रबर लावायची
आणि टेकडीवर जाणारी बस धरायची.
वर, शेवटच्या थांब्याच्याही पुढे, तिची बहीण ओर्फेलिना,
आणि बहिणीच्या कपाटात, सफरचंदाच्या मुरंब्यामागे,
आमच्या गावाचे जन्म, लग्नं, मृत्यू,
होड्यांचे परवाने, जमिनींच्या हद्दी.

मी हसायचो.
मी सान्तियागोहून आलेला, चोवीस वर्षांचा.
तळमजल्यावरचा सर्व्हर मी बसवलेला:
दोन डिस्क,
एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटणार.
"एक गेली तरी दुसरी आहे," मी म्हणायचो,
"गावाला कळणारसुद्धा नाही."
नेलिदा खिडकीतून खाडीकडे बघायची.
"जुळी आहेत ना? मग दोघांना एकाच पाळण्यात का?"
मला वाटायचं, बाईंना यंत्रातलं काय कळतं.

वर्षातून दोनदा तिचा आणखी एक वेडेपणा.
मोडीत काढलेल्या संगणकावर ती टेप चढवायची
आणि मनाला येईल ते एक नाव मागायची,
आजीचं, पोस्टमनचं, चुलतभावाच्या बुडालेल्या होडीचं.
नाव आलं की बोटांनी टेबलावर टकटक.
एकदा आलं नाही.
पाच महिने आम्ही
कोरी टेप टेकडीवर नेत होतो,
बसचं तिकीट काढून.
लिहिणारं यंत्र मीच जोडलं होतं.
ती काही बोलली नाही. नव्या यंत्राचा अर्ज लिहिला
आणि खाली माझी सही घेतली.

मग तो शनिवार.
जमीन हलली, मग थांबली. ते थांबणंच वाईट होतं.
समुद्र मागे गेला, तळ उघडा टाकून,
आणि परत आला तो नोंदणी कार्यालयाच्या दारातून,
रांगेत उभा न राहता.

आम्ही वर होतो. अख्ख्या गावानं रात्र
ओर्फेलिनाच्या अंगणात काढली, मुरंबा संपवला.
कपाटात मागे उरला एक डबा, त्याला कुणी हात लावला नाही.

सोमवारी मी खाली गेलो.
दोन्ही डिस्क शेजारीशेजारी, गाळानं भरलेल्या.
एकीचं जे झालं ते दुसरीनं
शेवटपर्यंत इमानानं उमटवलं होतं.

शाळेच्या वरच्या वर्गात, जनरेटरवर,
उसन्या संगणकात टेप फिरू लागली.
एकेचाळीस तास.
देव पाण्यात घालून बसावं, तर
पाणी नुकतंच येऊन गेलेलं.
नेलिदा मोजा विणत बसली. टाच झाली, पाऊल झालं,
आणि पडद्यावर तिची आजी आली.
टकटक.

सगळं परत मिळालं.
सगळं म्हणजे, गुरुवारपर्यंतचं.

शुक्रवारी एक मुलगी जन्मली होती,
दोन होड्या विकल्या गेल्या होत्या,
आणि एवारिस्तो बार्रिया, वय एक्याऐंशी,
झोपेत गेले होते.
टेपला यातलं काही ठाऊक नव्हतं.
मुलगी व्हरांड्यात रडून स्वतःची नोंद स्वतःच करत होती.
होडीवाले भांडले, मग साक्षीदार घेऊन आले.

बुधवारी बार्रियांचा मुलगा आला,
चिखलाचे बूट दाराबाहेर काढून.
नेलिदानं पडदा त्याच्याकडे वळवला.
वडिलांचं नाव. जन्मतारीख. धंदा: जाळी विणणं.
शेवटची चौकट रिकामी.
"इथे अजून आहेत," ती म्हणाली.
त्यानं चौकटीवर बोट ठेवलं, काचेवर डाग पडला.
"एकदा नोंदवलं होतं मी. शुक्रवारी, तुमच्यासमोरच."
"हो. आठवतं."
बाहेर जनरेटर खोकत होता.
"आजचा दिवस राहू दे?"
नियमात असलं काही बसत नाही, हे मला माहीत होतं,
तिलाही.
"उद्या ये," ती म्हणाली,
"पण साडेपाचच्या आत. मग डबा वर जातो."

दुसऱ्या दिवशी तो आला पाच वाजून वीस मिनिटांनी,
दाढी करून.
ती एकेक अक्षर टाइप करत होती.
मी रबर शोधत होतो.
बस अजून बंद होती.